शेतात सापडलेली आई

जुळे सोलापूर

प्रिय देवू,

मी सापडले गं बाई! म्हणजे बागेतली मी. मला समोर बसवून तू घडवलेली, भाकरी थापणारी, ब्राँझची. ती चोरीला गेली तेव्हा तू फोनवर रडलीस आणि म्हणालीस, लोकांना माझ्या कामात नुसतं भंगार दिसतं, आता मी मातीला हात लावणार नाही. पुतळ्याचं मेलं काय एवढं, पण तू हात आखडून बसणार म्हणजे काय?

तर ऐक. चोरांनी मला चौथऱ्यावरून उपटलं. माझ्या पुढ्यातली भाकरीची काठवट सिमेंटमध्ये पक्की बसलेली, ती निघेना, म्हणून तिथंच सोडली. पुढं मोडनिंबजवळ त्यांचा टेम्पो बिघडला, तसे मला ज्वारीच्या रानात टाकून पळाले. सकाळी रानाची मालकीण बजाबाई येऊन बघते तर काय, बांधाशी एक बाई बसलेली, उजवा हात उचललेला! खाली ना काठवट, ना भाकरी. थापायला उचललेला हात त्या माउलीला आशीर्वादाचा वाटला. झालं! दुपारपर्यंत मला लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट आणि पुढ्यात पुरणपोळी. तुझे बाबा म्हणाले, एवढा थाट तर आपल्या लग्नातही नव्हता.

कुणीतरी काढलेला फोटो पोलिसांपर्यंत पोचला आणि ओळख पटवायला आम्हाला नेलं. मी जीपमधून उतरले नि बायका एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. एकीनं तर माझे पायच धरले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, अहो, मी साधी बाई, ही माझ्या लेकीनं केलीय, हा हात भाकरीचा आहे. कुणाला पटेल तर शपथ. शेवटी बजाबाईच्या चुलीपुढं बसले आणि थापून दाखवली. माझा हात वर गेला मात्र, बजाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पण पुतळा उचलायला लागले तशी ती आडवी आली. म्हणाली, देवी न्हाय तर न्हाय, आमच्यासारखी तर हाय की, ऱ्हाऊ द्या हितंच. पोलिसांचंही काही चालेना. मग मी मधे पडले आणि ती तयार झाली. निघताना बायकांनी आम्हा दोघींची, माझी आणि पुतळ्यातल्या माझी, ओटी भरली. आता मी परत बागेत काठवटीपुढं बसलेय, चुडा तेवढा कुणाला काढू दिला नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण पुतळ्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितेय. देवू, मी तुला न विचारता बजाबाईला शब्द देऊन आलेय, की मला सोडा, माझी लेक येऊन तुमची घडवेल. हवं तर रागाव माझ्यावर. पण तिनं जागा झाडून ठेवलीय, नवं लुगडं काढून ठेवलंय, आणि रोज फोन करून मलाच विचारते, पोरगी कवा येनार, आन् मी कंचा हात वर करू?

मी काय सांगू तिला?

तुझीच,
आई