वहिनी कुठं उभी राहायची

बोरी, ता. जिंतूर
२० नोव्हेंबर २०२५

लाडक्या राजेश्रीवहिनीस,

तुझ्या आगाऊ वन्संचा नमस्कार. गंगाखेडला माहेरी आप्पा आणि मावशी बरे असतील. त्यांनाही माझा नमस्कार सांग.

इकडं सगळं ठीक. कापसाची वेचणी चालू आहे. आईचे गुडघे दुखायलेत, तरी ती रानात जायलीय. म्हैस व्याली, वगार झाली. तिचं नाव ठेवायचं राहिलंय, कारण नावं तू ठेवायचीस. भाकरी सध्या मी करायले आणि दादा गपगुमान खायलाय, त्यावरून काय ते समज.

हे पत्र मी जुन्या कॅलेंडरच्या पानावर ब्रेलमधी टोचायले. दादा समोर बाजेवर बसून आहे. काय लिहिलंस, काय लिहिलंस म्हणून त्यानं जीव खाल्लाय. मी म्हणाले, तुझंच कौतुक चाललंय. लग्न होऊन आलीस तेव्हा तू माझ्याकडून ब्रेल शिकलीस, ते आईच्या चुगल्या तिच्यासमोर बसून लिहिता याव्यात म्हणून. ती विद्या आज कामाला आली.

आता दुबईचं. बातमी तुला कळलीच असेल, लांब उडीत कांस्यपदक मिळालं. सगळे विचारतात ते पदकाचंच. खरी गंमत मी कुणालाच सांगितली नाही, तुझ्यासाठी ठेवली.

तुझ्या जागी मला आवाज द्यायला शुभदाताई होत्या. पुण्याच्या, स्वभावानं लय गोड. पण सरावातच मी त्यांचा आवाज सोडून उजवीकडं भरकटायची. सगळे म्हणाले, नवी जागा, नवा आवाज, बसेल घडी. अंतिम फेरीच्या दिवशी नेहमीसारखी माझ्याही डोळ्यांवर पट्टी बांधली. जन्मात कधी उजेड बघितला नाही, पण नियम म्हणजे नियम. मग एवढ्या मोठ्या मैदानात सगळे चिडीचूप झाले. लांबून फक्त टाळी आणि शुभदाताईंचा आवाज, "ये, ये, ये." मी पळाले, उडी घेतली आणि वाळू सोडून कडेला आपटले. गुडघा सोलला. दुसरी उडीही तशीच वाया. तिसरीही गेली असती तर बॅग भरून घरी.

ताई पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "सृष्टी, तू दर वेळी माझ्या आवाजाला बगल देऊन का पळतेस?"

आणि वहिनी, मला एकदम हसू फुटलं. आठव आपलं रान. वाळूच्या खड्ड्याच्या बरोबर पलीकडं आपला उकिरडा. शेणात कोण उभं राहणार? म्हणून तू माझ्या डाव्या अंगाला सरकून टाळ्या वाजवायचीस. मी तिथंच शिकले, तर माझ्या पायांनी तेच धरलं, की आवाज डावीकडं ठेवायचा आणि आपण उजवीकडून पळायचं. राज्याच्या, देशाच्या स्पर्धेतही तू सवयीनं तिथंच उभी राहिलीस. आपल्याला दोघींनाही ते कधी कळलं नाही.

मी म्हणाले, "ताई, तुमी उकिरड्यात उभ्या आहात. जरा माझ्या डावीकडं सरका." त्या बिचाऱ्या खाली वाळूकडं बघायलेल्या असतील. पण सरकल्या. तिसरी उडी सरळ वाळूत. मी शेवटच्या आठात आले, म्हणजे अजून तीन उड्या मिळाल्या.

आता जे लिहायचं टाळायले ते लिहिते.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. सरावाचं ऐकून म्हणाला, "बघ, राजेश्रीबिगर तुझं जमायलं न्हाई. आल्यावर तिला पत्र लिही. माझ्यासाठी न्हाई, पण तुझ्यासाठी ती येईल." तेव्हा मी हो म्हणाले. मला तुझी आठवण लय येते, खोटं कशाला बोलू. पण तिथं शेवटच्या उडीला उभी राहिले तेव्हा ते हो मी मनातल्या मनात परत घेतलं. जिंतूरच्या पाहुण्यांसमोर ह्यानं तुला म्हणायचं, "माझी बायको परदेशात टाळ्या वाजवाया जाणार न्हाई." तू पंचमीला माहेरी गेलीस ती गेलीसच, दिवाळी झाली तरी ह्यानं तुला आणायला यायचं नाही. आणि आता माझ्या आंधळेपणाची दोरी करून तुला ओढायचं. ती दोरी मला व्हायचं नाही.

मी ताईंना म्हणाले, "आता मधी उभ्या राहा." त्या घाबरल्या. म्हणाल्या, चाललंय ते मोडू नको. मी ऐकलं नाही. पळताना पाय उजवीकडं ओढायले, मी त्यांना दामटून आवाजाच्या सरळ रेषेत ठेवलं. तीच उडी सगळ्यात लांब पडली. पदक तिचंच आहे.

म्हणून वहिनी, माझं तुझ्यावाचून अडलंय असं मी लिहिणार नाही. अडलेलं नाही. तू हौसेनं आवाज द्यायला आलीस तर मी जगात कुठंही पळेन. पण माझ्या कीवेपोटी या घरात येऊ नको. नाहीच आलीस, तर सुटीला मीच गंगाखेडला येईन आणि मावशींच्या हातचं खाऊन जाड होईन.

अजून एक. उकिरड्याची गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. दादा ताटावरून तसाच उठला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फावडं घेऊन लागला आणि सगळा उकिरडा गोठ्यामागं नेऊन टाकला. कुणाचा हात लावून घेतला नाही. आई म्हणाली, येड लागलं का ह्याला. मला म्हणाला, "हे तिला लिहू नको." लिहिलं.

त्यानं ते कुणासाठी केलं, मला माहीत नाही. विचारलंही नाही. हे पत्र मी पोस्टात टाकायची नाही, त्याच्याच हाती देऊन त्याला गंगाखेडला धाडणार आहे. त्याला वाटतंय, मी तुला ये म्हणून लिहिलंय. तो दारात आला की आधी पाणी दे. मग पत्र वाच, पण तोंडावर काही दिसू देऊ नको. आणि वाचून झालं की त्यालाच विचार, यात काय लिहिलंय. त्याला ब्रेल वाचता येत नाही, म्हणजे जे काही सांगेल ते त्याचं स्वतःचं असेल.

ते ऐक आणि मग तुझं तू ठरव.

तू आलीस तरी, न आलीस तरी
तुझीच वन्सं,
सृष्टी