निवडलेले शंभर दाणे

२३ मे, शुक्रवार

सावरटोल्याची शेवटची पाच गोणपाटं आज उलगडली. उगवण ९४, ९१, ९६, ९३, ९५. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शंभर दाण्यांपैकी. म्हणजे गावातली एकतीसही घरं पास, तीही मेरिटमध्ये. घरचं सोयाबीन तपासून पेरा, विकतच्या पिशव्यांमागे धावू नका, हे कृषी सहायक म्हणून चौदा वर्षं बोंबलत फिरतेय. पहिल्यांदा एक अख्खं गाव ऐकतंय.

शकुनकाकूंनी (बचत गटाच्या अध्यक्ष, साठी उलटलेली, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही) ओसरीवरच जाहीर केलं, "आता पिशवीसाठी कृषी केंद्रात कोणी जायचं नाही. मॅडमनं मोजून देल्लं आहे." नऊ घरांत बी कमी पडतंय, ती काकूंच्याच कोठीतलं पेरणार.

मंडळ कृषी अधिकारी साहेबांना फोटो पाठवला. तीन अंगठे आले.

परतताना एकच टोचत होतं. मागच्या कापणीत पाऊस झोडपून गेला, शेतात रचलेल्या गंज्या भिजल्या होत्या. मग सगळ्यांचं नव्वदच्या वर कसं? घरी बोलले तर नवरा म्हणाला, "तुला चांगली बातमी पचतच नाही." असेल.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाचे नऊ कडक दिवस. बेसाला घरी दुपारी नळ सोडला तर चहाचं पाणी. साहेबांचा फोन. "अहवाल आजच द्या, सावरटोला आदर्श बियाणे गाव म्हणून वर दाखवतो." दिला. खाली सही माझी.

२७ मे, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

देवराव आणि त्याचा भाऊ नुकतेच वेगळे झाले. म्हणून देवरावच्या वाट्याच्या बियाण्याचा वेगळा नमुना हवा होता. त्याच्या अंगणात शिरले तर त्याची बायको सुमन आणि शकुनकाकू सूप घेऊन बसलेल्या. एकेक दाणा बोटांनी पारखून वाटीत. बाजूला दुसरा ढीग. सुरकुतलेले, तडकलेले, हिरवट, डागी.

"हे काय करून राहिल्या वं?"

"तुमच्यासाठी शंभर काढून राहिलो," सुमन म्हणाली. "ते तिकडचे कोंबड्यायले."

आधीच्या एकतीस घरांनीही असंच?

काकूंना माझ्या प्रश्नाचंच नवल. "मंग! तसंच उचलून देते का कोणी? तुम्ही साहेबापाशी नेणार. आमचं नाक आहे का नाही?"

कोणी फसवलं नाही. या घरांतून शेजारणीला वाटीभर डाळ जाते तीसुद्धा निवडूनच. इतकी वर्षं यांच्या घरी जेवतेय, भातात कधी खडा लागला नाही. मला कळायला हवं होतं.

प्रत्येक पोत्यात वर, मधे, तळाशी कोपरापर्यंत हात घालून नमुना मी स्वतः काढायचा असतो. प्रशिक्षणात चित्र काढून मीच शिकवते. पण ऊन तसलं, एकतीस घरांच्या पत्र्याखालच्या कोठ्या, तेव्हा मी कडुनिंबाखाली टेबल मांडून बसले आणि म्हणाले, शंभर-शंभर दाणे घेऊन या. बहुतेक "चांगले" असंही मीच म्हणाले. आळस केला. दुसरा शब्द नाही त्याला.

२८ मे, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. उन्हासाठी खिशात ठेवतात तो कांदा टेबलावर फिरवत बसले. मग, "अहवाल वर गेला ना?"

गेला. मागे घेऊ, पुन्हा तपासणी करते म्हटलं.

"मॅडम, समजून घ्या. मागे घेतला की विचारतील, पहिल्यांदा काय केलं होतं."

तेच तर लिहायचं आहे.

"उगवते हो. सोयाबीन आहे, कुठंही उगवते."

कृषी पदवीधर माणूस हे बोलतो! अस्सा राग आला. सोयाबीनची साल पापुद्र्याएवढी पातळ. मळणीयंत्र जोरात फिरलं की तडकते, भिजून वाळलं की सुरकुतते, आणि तो दाणा मातीत नुसता कुजतो. त्यांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, तेही ठाऊक आहे.

शेवटी म्हणाले, "नमुने काढा. कागदाचं नंतर पाहू."

मी नंतर पाहिलं नाही. आजच टाइप केलं: नमुना घेण्यात माझी चूक झाली, सदर अहवाल ग्राह्य धरू नये. आवक-जावकला दिलं, पोच घेतली.

२९ मे, गुरुवार

मारुतीच्या पारावर सकाळी सातला सभा. उभी राहून सांगितलं. देवराव पहिला बोलला. "म्हंजे मॅडम, तुम्ही पास केलं तेच नापास?"

असू शकतं.

"आन् आम्ही तं कृषी केंद्राले पिशव्या नाही पाह्यजे म्हणून सांगून आलो. आता त्याच्यापाशी बी उरलं असन का?"

त्याची पाच एकरं, दुसरं काही नाही. या बियाण्यावर खरीप उभा राहणार किंवा आडवा होणार, आणि ते माझ्या आकड्यावर ठरलं होतं.

मग काकू उठल्या. "आम्ही ठकवलं म्हणता?"

नाही काकू, चूक माझी आहे, मी कोठीत शिरायला...

"चारचौघात बोलल्या ना तुम्ही, बायकांनी निवडून देल्लं. आता गाव म्हणन, शकुननं सरकारले ठकवलं." पदर खोचला आणि चालू लागल्या. मागून सात-आठ जणी.

बायका दाणे निवडून देत होत्या हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि चूक माझी हे दहाव्या. क्रम उलटा हवा होता. पस्तीस सभा घेतल्या असतील आयुष्यात, अजून बोलता येत नाही.

१ जून, रविवार

तीन दिवस घरोघर. सुट्टीबिट्टी नाही. पत्र्याखाली डोकं भणभणतं, पण हात कोपरापर्यंत गेल्याशिवाय पोतं सोडलं नाही. सोबत आलेल्या सुमनला माझ्या मुठीतला फुटका दाणा दिसला की तिचा हात आपोआप पुढे. "राहू दे वं, असू दे तो." "मॅडम, पाहवत नाही हो." सव्वीस घरं झाली. गुंडाळ्या सुमनच्या ओसरीवर, माठाच्या सावलीत.

काकूंकडे तिसऱ्यांदा गेले. चहा दिला, साखर जास्तच. कोठीला कुलूप.

"काहून आल्या पुन्हा?"

काकू, नऊ घरं तुमच्या बियाण्यावर आहेत.

"माहं तपासलं आहे. शहाण्णव. तुमच्याच हातचा आकडा आहे."

मी चौथ्यांदा येईन म्हटलं. त्या म्हणाल्या, चहाले केव्हाही या.

३ जून

उरलेली चार घरं झाली. काकूंची कोठी तेवढी राहिली. आज चहाही प्यायले नाही, नुसती दारात उभी राहून आले.

६ जून, शुक्रवार

मोजणी. आधी काढलेली सव्वीस घरं. देवराव ५८. सुमननं पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा ५८. पुढे ७३, ६६, ५१, ७१, ६२... सत्तरच्या खाली बी पेरू नये असं आम्ही सांगतो. सव्वीसपैकी नऊच वर. देवराव गोणपाट झटकून घडी घालत बसला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघताना सुमन कानाशी आली, "काकूनं बोलावलं. एकट्याले."

काकूंनी आतलं दार लावलं. रांजणामागून जुन्या लुगड्याची गुंडाळी काढली, ओली. सभेच्या दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी स्वतः पोत्यातून शंभर दाणे घेऊन गुंडाळले होते. कोणाला न सांगता.

"डोये मिटून काढले. नाही तं हात निवडते ना मेला."

मोजले. ५७.

"मी तीनदा मोजले. मंग वाटलं, मलेच मोजता येत नाही." आणि रडल्या. या बाईला मी चौदा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. "नऊ घरं माह्या भरवशावर बसले हो."

माझ्याही डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही. म्हटलं, काकू, तुमच्या नाही, माझ्या भरवशावर.

मग त्यांनी नाक पुसलं. "मॅडम, निवडलेलं शहाण्णव उगवलं ना?"

हो.

"मंग सगळंच निवडू."

मी हसले. मग हसू थांबलं. कृषी केंद्रातल्या पिशव्या केव्हाच संपल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. गावचं बी अडीच हजार किलोच्या आसपास. काकू आकड्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, बोटांवर बायका मोजत होत्या. "चाळीस जणी येतीन. पाऊस पडाले आठ-दहा दिवस आहेत." निवडून एक तृतीयांश जाईल, बी कमी पडेल, मी म्हटलं. "तुम्हीच तं सांगता, पेरण्यापेक्षा टोकलं तं बी कमी लागते. आम्ही कधी आयकलं नाही, हे येगळं."

खरंच, कधीच ऐकलं नव्हतं. गुडघे मोडतात म्हणून. एकेक दाणा हातानं लावायचा तो.

८ जून, रविवार

शाळेच्या हॉलमध्ये सुरू केलं. सुट्टीच आहे, सरपंचांनी किल्ली दिली. आधी चाळणी, मग सूप, मग बोटं. पहिल्या दिवशी चौदा जणी. पारावर पुरुषमंडळी बसलेली, तिथून "मॅडम, गहू बी आणू का निवडाले?" असा गलका. काकूंनी खिडकीतून एकदाच पाहिलं. गलका बंद.

१० जून, मंगळवार

अडतीस जणी. आणि तीन पुरुष. देवराव सूप घेऊन बसला. दाणे अंगावर, जमिनीवर, सुपात सोडून सगळीकडे. सुमन म्हणाली, "उठा, तुम्ही पोते उचला." तो उठला नाही. संध्याकाळपर्यंत त्याचे चार किलो झाले, त्यातले अर्धे तिनं पुन्हा निवडले.

मीही बसले. पाठ धरली, बोटांची सालटं निघाली. काकू माझ्या वाटीत हात घालून एक डागी दाणा काढतात, दाखवतात, कोंबड्यांच्या ढिगात टाकतात. असे दिवसात तीस-चाळीस. गप्प बसून शिकतेय.

१२ जून, गुरुवार

निवडलेल्या पोत्यांतून पुन्हा नमुने. आता हात काकूंचा, डोळे मिटून, कोपरापर्यंत. सगळ्या टाळ्या पिटत होत्या.

ऑफिसला गेले तर टेबलावर कारणे दाखवा नोटीस. चुकीचा अहवाल सादर करून कार्यालयाची दिशाभूल. सात दिवसांत खुलासा. साहेब नजर चुकवून म्हणाले, "वरूनच आली." वरून आली असेलही. त्यांच्या सहीनं आली.

घरी नवरा म्हणाला, "प्रकृतीचं कारण लिही, ऊन लागलं होतं." चांगल्या मनानं म्हणाला. नाही म्हटलं. ऊन सगळ्यांनाच लागत होतं.

१६ जून, सोमवार

खुलासा दिला. दीड पान. काय चुकलं, कसं कळलं, पुढे काय केलं. "नजरचुकीने" हा शब्द दोनदा लिहिला, दोनदा खोडला. वेतनवाढ थांबेल म्हणतात. थांबू दे, गावचं बी थांबलं नाही म्हणजे झालं.

निवडणं संपलं. कोंबड्यांची चंगळ आहे.

१९ जून, गुरुवार

नमुने ८७, ८४, ८९, ८६. काकूंचं ८६. देवरावनं आकडा ऐकून टोपी काढली आणि पुन्हा घातली, दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

तीन दिवस पाऊस झाला, जमीन पुरेशी ओली. सगळं गाव शेतात. दोरी ताणून, वीतभर अंतरावर दोन-दोन दाणे. काकू नऊ घरांच्या नऊही शेतांत जाऊन आल्या. कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "तीन नोका टाकू वं, मोजून आहेत!"

साहेब आले. बांधावरूनच पाहिलं. जाताना म्हणाले, "तुमचा खुलासा वाचला. मी असा लिहिला नसता." कसं घ्यायचं ते कळलं नाही. वाईट नाही वाटलं.

२४ जून, मंगळवार

टोकून पाच दिवस. पावसानं त्याच दिवसापासून पाठ फिरवली. ऊन मे महिन्याचं. मातीवर पापडी धरलीय, नखानं टकटक वाजते. गोणपाटात शहाऐंशी उगवतात, कारण गोणपाट आपण भिजवत राहतो. शेताला कोण भिजवणार? काकूंचं बी लावलेल्या नऊ घरांत एकाकडेही विहीर नाही.

काकूंच्या शेतात गेले. त्या आधीच तिथे, ओळीच्या टोकाला उकिडव्या. मी काडीनं उकरायला वाकले तर हात धरला. "नोका उकरू. कोंब मोडते."

एकच पाहते काकू.

"एक पाह्यल्यानं काय समजन? मांगं बी तुम्ही शंभरच पाह्यले होते."

मी काडी टाकली. त्यांच्या शेजारी बसले. पारशिवनीकडे ढग होते, रामटेककडे गेले. पलीकडे देवराव बादलीनं कडेच्या दोन ओळींवर पाणी शिंपडत होता. पाच एकरांत दोन ओळी.

उठताना काकूंनी विचारलं, "नाही निघालं तं?"

पेरायला दुसरं बी नाही, कृषी केंद्रात पिशवी नाही. मला कोणी ओरडणारही नाही आता, त्यांनी स्वतःच्या हातांनी निवडलंय आणि लावलंय. तेच जास्त जड जातंय.

म्हटलं, "उद्या सकाळी सहाला येते."

"निघालं असन तं फोन करीन. कायले येता एवढ्या दुरून."

नसेल निघालं तरी येते, म्हटलं. तेव्हा तर येतेच.