पेन्सिलीची हजेरी

मंगळवार, वरवट बकाल. कापूस वेचणीचे दिवस.

परदेशी मदतीतून चाललेल्या शाळांचा अहवाल उद्या माझ्या संस्थेला द्यायचा आहे. मुदत मी कधी चुकवत नाही. पण आज शेख बाईंच्या हजेरीपटात सातवीतल्या सलमापुढे महिनाभराची हजेरी पेन्सिलीनं मांडलेली दिसली. पोरगी मात्र वावरात कापूस वेचते आहे.

"पेनानं गैरहजर लिवलं तं नाव कटते, सर. मंग थे येतच नाई," बाई म्हणाल्या. "कापूस सरला का येते. मंग पेन फिरवते मी." मग जरा चिडूनच, "तुमच्याआंधी तीन संस्था आल्या. तिघायनं तीन तक्ते भरून घेतले. सलमा काऊन येत नाई, हे एकानंबी नाई इचारलं."

माझ्याही तक्त्यात दोनच रकाने, हजर आणि गैरहजर. खरं लिहावं तर सलमाचं नाव जाणार. खोटं माझ्याच्यानं लिहवत नाही. शेवटी तिसरा रकाना आखला: 'कापूस वेचायला गेली, परत येणार.'

परत येणार, हे कशावरून? बाईंच्या पेन्सिलीवरून. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

अहवाल तपासणारे संस्थेचे सल्लागार रकाना खोडतीलही. मी तो पेनानं आखला आहे.