तीन मिनिटांत शंभर फेरे

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. फोनवर मी ओरडत सुटतो आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहितोय.

तुझा दादा सकाळी बाहेरून कुलूप लावून कामाला जातो. मग सहापर्यंत मी, ही खोली आणि शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा दुरुस्तीला आलेला रेकॉर्ड प्लेअर. समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली तरी मला करमणूक वाटते, एवढी गत झालीय. आणि कशावरून? दुकानातून येताना एकदा रस्ता चुकलो म्हणून! दादा म्हणतो, "अप्पा, एकदा नाही, तीनदा. एकदा तर बसडेपोत सापडलात." मोजून ठेवलंय बघ, वकिलासारखं.

असो. बाईंनी प्लेअरचा पट्टा बदलायला दिला होता. बदलला आणि वेग तपासायला बसलो. माझी रीत तुला ठाऊक आहे. फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, तो बोटाला लागला की एक फेरा. तीन मिनिटांत शंभर भरायला हवेत. भरले चौऱ्याण्णव. मोटार उघडली, पुसली, तेलाचा थेंब दिला. एक्क्याण्णव. दुसरा पट्टा घातला. सत्त्याण्णव. तुझ्या आत्यासारखी लहरी मोटार, सकाळी एक आणि दुपारी भलतंच! चार दिवस तिला शिव्या घातल्या.

शेवटी खणातली रेघांची कागदी चकती काढली. ती थाळीवर ठेवून ट्यूबलाइटखाली फिरवायची. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात, चुकला की सरकायला लागतात. चाळीस वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. माझं बोट असताना कागदाला काय विचारायचं, अशी घमेंड. रेघा भिंतीसारख्या स्थिर. सुई टेकवून, मोटार तापू देऊन अर्धा तास बघत बसलो. एक रेघ हलली नाही. त्याच मोटारीवर परत बोटाने मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

मोटार ठणठणीत आहे, चिमणे. मधले फेरे माझ्याकडूनच गळतायत, आणि गळताना मला पत्ताही लागत नाही.

रविवारी तू दादाशी भांडून किल्ली काढून घेणार आहेस. मीच तुला रडून गळ घातली होती. भांडू नकोस. पोरगा बरोबर आहे. हे त्याच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत नाही, तूच सांग. कुलूप राहू दे. फक्त एक कर. मी हे विसरणार, पुन्हा फोन करून किल्ली मागणार, दादाला नाही नाही ते बोलणार. तेव्हा हे पत्र मला वाचून दाखव. नाही पटलं तर हातात दे. माझं अक्षर मी अजून ओळखतो.

तुझाच,
अप्पा