चित्र दोन, उजवीकडचे

३ मार्च, सकाळ
संकल्प : वहीत फक्त प्रयोग. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीविषयी, म्हणजे नवीविषयी, एक अक्षर नाही. परिषदेतले भाषण सेवाज्येष्ठतेने माझेच. लॅबप्रमुख मॅडम मात्र म्हणाल्या, ज्याच्या पेशी आधी उजळतील त्याचे भाषण. उजळू देत.

३ मार्च, दुपार
नवी मला काका म्हणते. मी सत्तेचाळीस. तिच्या मांजराचे नाव अख्ख्या लॅबला पाठ आहे. माझ्या प्रबंधाचे कोणालाच नाही.

५ मार्च
विषय सोपा. पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचा संदेश घेणारा रिसेप्टर. थ्रॉम्बिन नावाचे एन्झाइम, एरवी रक्त गोठवणारे, त्याचे टोक कापते. उघडे पडलेले नवे टोक मागे वळून त्याच रिसेप्टरच्या खाचेत बसते आणि आत भरलेल्या रंगाने पेशी उजळते. किल्ली कुलपातच दडवलेली. एकदा कापले की संपले. 'आत्मनेपदी रिसेप्टर' असे भाषणात म्हणायचे. नवीला कळणार नाही.
ताटलीला चिकटलेल्या पेशी सोडवायला ती कसल्याशा द्रावणात ठेवून अर्धा तास बसते. मी ट्रिप्सिन घालतो. तीन मिनिटांत मोकळ्या. वीस वर्षांचा हात आहे.

९ मार्च
इनक्युबेटरवर माझ्या नावे पिवळी चिठ्ठी. नवीचे अक्षर. 'काका, ट्रिप्सिन' एवढे वाचून फाडली. उपदेश नकोत.
पेशी उजळल्या नाहीत. थ्रॉम्बिन शिळे.

११ मार्च
ताजे थ्रॉम्बिन. काळोख. नवीच्या पेशी लख्ख. सगळे तिच्या मायक्रोस्कोपभोवती. मी गेलो नाही, डोळा दुखत होता.

१२ मार्च
ती माझे थ्रॉम्बिन बदलत असणार. बाटलीला दोरा बांधून ठेवला. संध्याकाळी दोरा जसाच्या तसा. म्हणजे फारच सावध आहे.

१४ मार्च, जेवताना
हिला सगळे समजावले. ही शिवणकाम करते, कापाकापी लवकर कळते. हिने विचारले, अहो, ते ट्रिप्सिन काय करतं? म्हटले, प्रथिने कापते. आणि रिसेप्टर कशाचा? म्हटले, प्रथिनाचा. ही म्हणाली, मग थ्रॉम्बिन यायच्या आधी तुम्हीच सगळी टोकं उडवून मोकळे. ते बिचारं कात्री घेऊन येतं, तर कापडच नाही.
भाजीत मीठ कमी होते.

१५ मार्च
चिठ्ठीत काय होते, नवीला सहज विचारले. म्हणाली, ट्रिप्सिन नको, रिसेप्टर कापले जातात. तुमच्यापुरतं द्रावण जास्त करून फ्रिजमध्ये ठेवलंय. मी म्हटले, चिठ्ठी मिळालीच नाही. ती म्हणाली, मग काका, त्या दिवशी फाडलीत ती कोणाची?

१८ मार्च
भाषण नवीचे. मात्र माझ्या कामाशिवाय तिचे भागले नाही. भाषणाच्या छापील प्रतीत चित्र दोन : डावीकडे तिच्या लखलखत्या पेशी, उजवीकडे, तुलनेसाठी, टोके आधीच गेलेल्या माझ्या. खाली माझे पूर्ण नाव. पट्टीने मोजले, दोन्ही चौकोन सारखेच.
घरी हिला दाखवले. चष्मा लावून बराच वेळ पाहिले तिने. मग विचारले, उजवीकडची छपाई बिघडली का हो?