दमाची वही

सोमवार, ता. ३
आले बाई एकदाची. सात मजले, आणि सातव्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. लिफ्टवाल्याने मला ट्रंकेशेजारी उभं करून सामानासारखं वर आणलं आणि विचारलं, यातलं जुनं कोणतं? मी म्हटलं, ट्रंक नवी आहे.

इमारत औषधाच्या गोळ्या पाकिटात भरण्याची. खिडकी एकही नाही. गोळ्यांना धूळ चालत नाही म्हणे. माणसाचे एवढे लाड कुणी केले नाहीत. सगळी हवा यंत्राने आत आणायची, यंत्रानेच बाहेर काढायची, आणि ते यंत्र सांभाळतो माझा लेक. सगळे त्याला हवावाला म्हणतात. लहानपणापासून हवेतच असायचा, आता तोच धंदा झाला.

ही वही डॉक्टरीणबाईंची आज्ञा. दम कधी लागतो, झोप कशी लागते, रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, बाई, माझी नि अक्षरांची ओळख कुणी करूनच दिली नाही. मग नातीने वसतिगृहात परतताना वही आणून ठेवली आणि आपल्या आईला बजावलं, आजी बोलेल तसं लिहायचं, सुधारायचं नाही. म्हणजे सून माझी लेखणी. मी तिला मास्तरीण म्हणते, कारण दुसऱ्याचं वाक्य सुधारल्याशिवाय तिला जेवण जात नाही. (हेही लिही गं, गाळू नकोस.)

खोलीत भिंतीला दोन जाळ्या आहेत. एक हवा देते, एक ओढून घेते. ओढणाऱ्या जाळीला लेकाने चिंधी बांधलीय. चिंधी आत ओढली गेली की समजायचं, पंखा चालू आहे.

दम : एक पायरी चढले नाही तरी लागला. वाक्य संपायच्या आत छातीतली हवा संपते. शेवटचा शब्द ओठातच राहतो.

मंगळवार, ता. ४
आज गंमत झाली. मास्तरीण दिवसभर तळमजल्यावर बटणांच्या कपाटाशेजारी बसते आणि दर तासाला काटे बघून रजिस्टर भरते. दुपारी मी ओढणाऱ्या जाळीपाशी बसून एकटीच कुरकुरत होते, तर पत्र्यातून तिचं उत्तर आलं! लेक म्हणतो, डक्ट सरळ तिच्या टेबलापर्यंत उतरतो, पोकळ पत्रा आहे, आवाज जाणारच. इथे वर रेंज नसते, म्हणून फोन मुका आणि पत्रा बोलका.

मग मी हौसेने ओरडून सांगितलं, माझ्यासाठी चहा टाकू नकोस. दहा मिनिटांत चहा हजर. ती म्हणते, तुम्हीच म्हणालात, चहा टाक. मी म्हटलं, टाकू नकोस म्हटलं. ती म्हणते, तेवढं खाली आलं नाही. लेक म्हणाला, आई, शेवटी तुझा दम संपला असेल. असेल बाई. चहा मात्र प्यायले. साखर विसरली होती.

उद्यापासून मी वरून बोलायचं, तिने खाली लिहायचं. संध्याकाळी दमून आलेल्या बाईला पुन्हा लिहायला बसवायचं माझ्या जिवावर येतं.

बुधवार, ता. ५ (जाळीतून)
दम : सकाळी लागला, दुपारी बरा.

लिफ्टवाला बसायला आला होता. दात तीन, गोष्टी तीनशे. म्हणे, तुमच्या लेकाच्या आधी जो हवावाला होता, त्याचीही बायको खाली तुमच्या सुनेच्याच खुर्चीत बसायची. फिल्टर धुवायचा दिवस होता. पंखा बंद करून तो पंख्याच्या पेटीत शिरला. पेटी इथेच वर, आमच्या भिंतीपलीकडे, खोलीएवढी मोठी, पाती माणसाच्या उंचीची. बायकोला पत्र्यातून त्याचाच आवाज आला, चालू कर. तिने बटण दाबलं. माणूस आपल्या पायांनी आत गेला होता, बाहेर आला चादरीत. ती बिचारी भेटेल त्याला एकच सांगत राहिली, तोच म्हणाला, चालू कर. मग तिने बोलणंच सोडलं.

एवढं सांगून लिफ्टवाला माझी पाण्याची बाटली रिकामी करून गेला. मी चिंधीकडे बघत बसले. चिंधी जाळीला अशी चिकटते, जशी श्वास ओढणाऱ्याच्या ओठाला.

गुरुवार, ता. ६ (जाळीतून)
मला इथे करमतं. बिनखिडकीच्या खोलीत जीव रमतो. झोप लागते. लिफ्टवाल्याची गोष्ट डोक्यातून जाते. रविवारी फिल्टर धुवायचे आहेत म्हणे, तर लेकाने त्या पेटीत शिरावं असं मला वाटतं. त्याला सांग, आईने सांगितलंय, आत जा. मास्तरीण, हे सांगायला विसर.

शुक्रवार, ता. ७ (समोरासमोर)
वही डॉक्टरीणबाईंकडे न्यायची म्हणून मास्तरणीने आज ती वाचून दाखवली. गुरुवारचं पान ऐकलं आणि मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

मी म्हटलं होतं, करमत नाही. जीव रमत नाही. झोप लागत नाही. लेकाने आत शिरावं असं वाटत नाही. आत जाऊ नकोस. एकूण एक ‘नाही’ गायब, एकूण एक ‘नको’ गायब. मास्तरीण रडकुंडीला आली. म्हणाली, आई, आलं तसं लिहिलं, व्याकरण तेवढं नीट केलं. सांगायला विसर म्हणालात, मला वाटलं तुमचा नेहमीचा टोमणा. मारते मी टोमणे, खोटं कशाला बोलू.

दमाचा दोष म्हणावा, तर तिला खाली पाठवून मी पुन्हा करून पाहिलं. छातीभर श्वास घेतला आणि ‘नको’ पहिल्यांदा म्हटलं. नको टाकूस चहा. खाली पोचलं, टाक चहा.

म्हणजे त्या माणसाने पेटीतून काय ओरडून सांगितलं असेल? चालू करू नकोस. पत्र्याने ‘नकोस’ ठेवून घेतलं, उरलेलं बायकोकडे पाठवलं.

लेकाला सांगितलं. हसला नाही. थकला होता, ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपला.

शनिवार, ता. ८ (समोरासमोर)
साहेब म्हणाले, साफसफाई उद्याच. फिल्टर तुंबलेत, पाकिटं भरणाऱ्या बायकांना घेरी येते. लेक नाही म्हणू शकत नाही. बटणाला लावायचं कुलूप त्याने कधीचं मागितलंय. येईल, म्हणतात. फिल्टर धुतले की पंखा दोन-तीनदा फिरवून बघावा लागतो. लिफ्टवाल्याला रविवारची सुट्टी, म्हणजे लिफ्ट बंद. दर वेळी सात मजले कोण उतरणार?

मी खाली बसते म्हटलं. पण त्या कपाटावर नुसती अक्षरं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

दुपारी पंखा थोडा वेळ थांबला होता. जाळीला कान लावला. आत माझाच आवाज. नाही. नकोस. नाही. चहाचा ‘नको’ सुद्धा. सावकाश, चघळल्यासारखा. आणि त्याच्याखाली एक पुरुषी आवाज, एकच शब्द, पुन्हा पुन्हा —

मास्तरणीने तोड काढली. नकार पोचत नाही, तर नकार द्यायचाच नाही. तो सुखरूप बाहेर निघाला की मी म्हणायचं, बाहेर आला, चालू कर. तोवर तोंड शिवून बसायचं. म्हणजे मी. जन्मात जमलं नाही ते एका सकाळीत.

दम : आहे.

रविवार, ता. ९ (जाळीतून)
मास्तरीण, पंखा थांबला. लेक आत शिरला. बॅटरी आहे, फडकं आहे. झालं. आता मी गप्प.

—

चिंधी हलली.

—

चिंधी आत ओढली जातेय — अगं, पंखा तर बंद — तू बटण दाबलंस काय —

काय विचारतेस? आला का बाहेर?

बाहेर आला —

अगं, आला — म्हणते मी, आला —

मास्तरीण, ऐक — बटणाला हात लाव — तो बाहेर आला — चालू कर —