समुद्राचं तापमान: वरीलप्रमाणे

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कमरेपर्यंतच वाकलो आहे; त्याखाली डॉक्टरांनी मनाई केली आहे.) मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि शेजाऱ्याशी चाललेलं तुमचं कुंपणाचं भांडण, तिन्ही आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. तुमच्या भाचेसुनेने माझं मीठ बंद केलं आहे, बोलणं मात्र चालू आहे.

पत्रास कारण की, एक घोर अन्याय. आपल्या मत्स्य कार्यालयाच्या बादलीला कडी नाही. हसू नका. ज्या बादलीने तुम्ही बावीस वर्षं रोज सकाळी सहाला धक्क्यावरून पाणी काढून समुद्राचं तापमान मोजलंत, ती साहेबांच्या कुंडीखाली गळणारं पाणी झेलत बसली होती. मी ती सोडवून आणली, कडीच्या जागी सुतळी बांधली, आणि गेले नऊ दिवस समुद्र उपसतो आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांची सालटी निघाली. नव्या कडीसाठी अर्ज केला तर भांडारपाल म्हणतो, जुनी कडी जमा केल्याची पावती दाखवा. जुनी कडी समुद्रात आहे, आणि समुद्राकडे पावतीपुस्तक नाही.

आता तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी याला बादली कशी आठवली? याला कारण वजनकाटा. वजनकाटा म्हणजे लिलावातली ती बाई. तुमच्या वेळी ती नवी होती. मासा हातात घेतला की तिला त्याचं वजन कळतं, आणि माणूस नुसता नजरेत घेतला की त्याचंही कळतं. तर ही बाई गेल्या आठवड्यातल्या बुधवारी माझ्या टेबलापाशी आली, एक मासा थेट जावक नोंदवहीवर ठेवला आणि सुरीने त्याचं पोट उघडलं. आत गाभोळी गच्च. (जावक क्रमांक चारशे बारा ते चारशे वीस आता वाचता येत नाहीत. त्यात माझ्या रजेचा अर्जही गेला.)

"बघा भाऊसाहेब," ती म्हणाली. "ही आत्ता अंडी घालायला आलीय, आणि तुमची बंदी पाच आठवड्यांनी. तोवर हिने काय दम धरायचा? बंदी लागेल तेव्हा समुद्रात कोण असेल? तुमचं परिपत्रक?"

मामा, बंदीची तारीख तुमच्याच आकड्यांवरून ठरली, हे मी तुम्हाला काय सांगणार. पाणी अठ्ठावीस अंशांवर गेलं की मासळी अंडी घालायला किनाऱ्याशी येते, हे तुम्हीच मोजून काढलंत. त्या दिवसापासून दोन महिने होड्या बांधून ठेवायच्या. पण पाणी आता पाच आठवडे आधीच तापतं, मासळी पाण्याचं ऐकते आणि कार्यालय तारखेचं. त्यामुळे गाभोळीची मासळी टोपल्यांत येते, आणि मग रिकाम्या समुद्राचं आम्ही दोन महिने कडक संरक्षण करतो.

बाकी मासळीचंही तसंच. थंड पाण्याची जी मासळी तुम्हाला आवडायची, ती खोल पाण्यात गेली. पत्ता ठेवून गेली नाही. तिच्या जागी उष्ण पाण्याकडून एक पट्टेरी मासा आला आहे. त्याला सगळे 'पाहुणा' म्हणतात, कारण आला तो राहिलाच (तुमच्या धाकट्या जावयांची आठवण होते). छापील तक्त्यात चौदाच माशांची नावं आहेत, म्हणून पाहुण्याची नोंद 'इतर' खाली होते. गेल्या महिन्यात सर्वांत जास्त मासळी 'इतर' होती. वरून विचारणा आली, की हा 'इतर' मासा चवीला कसा असतो.

असो. मी वजनकाट्याला घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी मासा पाहिला नाही. रुमाल नाकाला लावून तापमानाची नोंदवही मागवली. तिच्यात तुमच्या अक्षरातला शेवटचा आकडा आहे, तुमच्या निवृत्तीच्या दिवशीचा: सव्वीस पूर्णांक आठ. त्याखाली दुसऱ्या दिवशी लिहिलं आहे, 'वरीलप्रमाणे'. त्याखाली वरीलप्रमाणे. थंडीत वरीलप्रमाणे, उन्हाळ्यात वरीलप्रमाणे, वादळात धक्का दोन दिवस बंद होता तेव्हाही वरीलप्रमाणे. अशी अकरा वर्षं.

साहेब खूश झाले. म्हणाले, "अकरा वर्षांत समुद्र एका अंशानेही हललेला नाही. आपल्या खात्यात इतका शिस्तीचा एक माणूस दाखवा!" मग त्यांनी हिशोब केला, की पाणी अठ्ठावीसला पोचलंच नाही, म्हणजे कागदोपत्री अकरा वर्षांत आपल्या समुद्रात एकही अंडं पडलेलं नाही. ही मासळी नियमबाह्य आहे. तारीख बदलायची तर आकडे आणा. येत्या सोमवारी बैठक आहे, त्यानंतर वर्षभर विषय निघणार नाही.

वजनकाटा नोंदवहीकडे बघत होती. म्हणाली, "साहेब, हे लिहिणारा बसल्या जागेवरून समुद्र मोजत होता. कोण तो?" आणि तिने मला नजरेत घेतलं. किती भरलो ते बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "अजून दोन वर्षं असंच चाललं तर मला काटा लागणार नाही, तुम्हाला वही लागणार नाही."

साहेबांनी तिथल्या तिथे एकसदस्यीय चौकशी समिती नेमली. सदस्य मी. गेले नऊ दिवस सकाळी समुद्र आणि दुपारी अक्षर तपासतो आहे. अक्षर डावीकडे कललेलं, 'व' फुगलेला, वेलांटी आळशी. कर्मचाऱ्याची ओळख पटवणं अवघड आहे, असा अहवालाचा मसुदा तयार आहे.

मामींना नमस्कार. पथ्यपाणी सांभाळा.

तुमचा भाचा

ता. क. डावीकडे कललेलं अक्षर, फुगलेला 'व' आणि आळशी वेलांटी हे पत्र वाचताना तुमच्या लक्षात आलं असेलच. नसेल, तर चष्मा बदला.

ता. क. दुसरा. मामी मागे म्हणाल्या होत्या, की निवृत्तीनंतरही तुम्ही रोज सकाळी बादली घेऊन तुमच्या गावच्या धक्क्यावर जाता आणि आकडा वहीत लिहिता. (त्या हे कौतुकाने म्हणाल्या नव्हत्या.) समुद्र एकच आहे. त्या अकरा वर्षांच्या वह्या सोमवारच्या आत पाठवा. माझे नऊ दिवसांचे आकडे कुणी धरणार नाही, तुमचे धरावे लागतील. तुमच्या वह्या आहेत तर कार्यालयाच्या वहीत वरीलप्रमाणे का, हे बैठकीत कुणीतरी विचारणारच. मसुदा फाडला आहे. नव्या अहवालात एक नाव आहे, आणि ते मला पाठ आहे.

ता. क. तिसरा. सोबतच्या खोक्यात, कापसात, एक नवा तापमापक आहे, माझ्या पैशांनी घेतलेला. निवृत्त होताना तुम्ही तुमचा स्वतःचा माझ्या हाती दिला होता, 'तुला नवा मिळेपर्यंत' म्हणून. तो हरवला असं मी मामींना सांगितलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी चहाच्या किटलीत फुटला. (चहा उकळला आहे की नाही, असा कॅन्टीनवाल्याशी वाद होता. उकळला होता.) तुम्ही नंतर दुसरा विकत घेतलात हे माहीत आहे; तरी हा ठेवून घ्या. पाठवण्याआधी एकदाच वापरला (आधीचे आठ दिवस शाळेतून उसना आणलेला होता). आज, सकाळी सहा वाजता, धक्क्यावर: अठ्ठावीस पूर्णांक दोन.

स्वतः पाहिले.